दसऱ्याची डहाळी : शाळेतील फुलदाणीसंबंधी काही विचार

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



दसरा आता पंधरवड्यावर आला आहे. त्या निमित्ताने आपणा सर्वांच्या शाळांत सरस्वतीपूजन होईल. मुले पाट्या स्वच्छ धुऊन त्यांवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतील, दाराला आंब्याच्या पानांचे तोरण लागेल, आणि एखाद्या तांब्यात किंवा फुलदाणीत झेंडूची फुले व चार डहाळ्या खोवून ती टेबलावर ठेवली जातील. ह्या सोहळ्यातील सर्वांत लहान गोष्ट म्हणजे ही फुलदाणी. तिच्याविषयीच मी आज आपल्याशी बोलणार आहे.

विषय ऐकून काहींना मनात हसू येईल. पटनोंदणी आहे, वाचनलेखन आहे, पोषण आहार आहे, नोंदवह्यांचा तर ढीगच आहे. ह्या गर्दीत फुलदाणीला कोठे जागा करावयाची, असे कोणी म्हटले तर त्यात गैर नाही. मीही नोकरीच्या आरंभी असेच म्हणत होतो. ते मत एका प्रसंगाने बदलले. तो प्रसंग माझ्या चुकीचा आहे. म्हणून आधी तोच सांगतो.

बालाघाटाच्या डोंगराळ भागातील एका लहान गावी मी एकशिक्षकी शाळेवर होतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मुलांना सांगितले, “जो सर्वांत जास्त आपट्याची पाने आणि फुले आणील, त्याच्यासाठी सर्वांनी टाळ्या वाजवायच्या.” मुलांनी माझा शब्द खाली पडू दिला नाही. तासाभरात शाळेच्या ओसरीवर आपट्याच्या फांद्यांचा असा ढीग पडला की दारातून आत जाता येईना. आम्ही त्यांतल्या काही फांद्या कोरड्या मडक्यांत उभ्या केल्या, झेंडूची फुले देठाशिवाय ताटात पसरली, आणि बाकीचा ढीग कोपऱ्यात लोटला. दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी मडक्यांतल्या पानांनी माना टाकल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सारे खताच्या खड्ड्यात गेले.

पण गोष्ट तेथे संपली नाही. आदल्या दिवशी सायंकाळीच बांधावरून एक म्हातारी शाळेत आली होती. ते झाड तिच्या बांधावरचे. ती रागावली नाही, भांडली नाही. दारातील ढिगाकडे पाहून एवढेच म्हणाली, “गुरुजी, उद्या माझ्या दारात कुणी आलं, तर त्याच्या हातावर काय ठेवू?” मी एक फांदी उचलून तिच्यापुढे धरली. तिने तिच्यातली चार पाने खुडून पदराला बांधली आणि बाकीची फांदी मला परत दिली. दुसऱ्या दिवशी मी ते झाड पाहावयास गेलो. मुलांनी फांद्या कापल्या नव्हत्या, ओरबाडल्या होत्या. दोन मोठ्या फांद्यांबरोबर खोडाची सालही खालपर्यंत सोलून निघाली होती. पुढच्या पावसाळ्यात झाड एका अंगाने पालवले. दुसरे अंग मात्र वाळले ते वाळलेच.

आपण शाळेत दरवर्षी आपट्याची कथा सांगतो. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स ह्याने गुरुदक्षिणेचा आग्रह धरला आणि गुरूंनी चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी मुद्रा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला. राजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले होते. कुबेराने भयाने सुवर्णवृष्टी केली, आणि लोककथेप्रमाणे ती आपट्याच्या झाडावर झाली. ही कथा कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात सांगितली आहे. तेथे सोने झाडावर न पडता राजाच्या कोषागारात पडते. त्या सर्गातील दोन गोष्टी शिक्षकाने विसरू नयेत असे मला वाटते. पहिली अशी की रघूजवळ सोन्याचे पात्र उरले नव्हते, म्हणून त्याने ह्या विद्यार्थ्याचे स्वागत मातीच्या पात्रातून अर्घ्य देऊन केले. दुसरी अशी की राजा सारे सोने देऊ करीत होता, पण कौत्स गुरूला द्यावयाचे त्याहून अधिक घेण्यास तयार नव्हता. उरलेले सोने लोकांनी लुटले, असे लोककथा सांगते.

कथेचा हा शेवटचा भाग आपण उत्साहाने पाळतो. ‘सोने लुटणे’ हा शब्दच रूढ झाला आहे. परंतु कथेचा नायक लुटणारा नव्हता. तो मोजून घेणारा विद्यार्थी होता. मी माझ्या मुलांना त्या दिवशी लुटावयास शिकवले, आणि कौत्सापासून शिकावयाचे ते शिकवले नाही. आजच्या भाषणाचे सारे सार इतकेच आहे : शाळेच्या फुलदाणीसाठी कौत्साप्रमाणे घ्यावे. गरजेपुरते घ्यावे, ओळखून घ्यावे, आणि जे घेतले ते वाया जाऊ देऊ नये.

आता हे प्रत्यक्षात कसे करावयाचे ते क्रमाने पाहू.

प्रथम प्रश्न येतो, काय तोडावे? त्याचे साधे उत्तर असे की जे भरपूर आहे ते तोडावे, जे थोडे आहे ते झाडावरच पाहावे. आश्विनात आपल्या शिवारात भरपूर काय असते? शेताच्या कडेला पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांचा कुरडू असतो. शेतकरी तो तण म्हणून उपटूनच टाकतो. बांधावर पिवळ्या फुलांचा तरवड असतो. ओढ्याकाठी काशाचे पांढरे तुरे वाऱ्यावर हलत असतात. घरोघरी झेंडू असतो. बाजरीची कणसे तयार झालेली असतात, ज्वारी पोटरीतून बाहेर पडलेली असते. कोकणातील शाळांना भाताच्या लोंब्या मिळतात. तेथे लोंब्या, आंब्याची पाने आणि कुरडू ह्यांचे ‘नवे’ दाराला बांधण्याची चाल आहेच. अनेक भागांत रस्त्याच्या कडेला पिवळा-केशरी कॉसमॉस माजलेला दिसतो. हे झाड मूळचे मेक्सिकोकडील. ते आपल्या माळावरच्या रानफुलांची जागा अडवते. त्याची दहा फुले तोडली तर माळाचे नुकसान नाही, झाला तर लाभच आहे.

आपट्याविषयी मात्र हात आखडता घ्यावा. गावात आपट्याची झाडे किती आहेत, हे वर्गाने आधी मोजावे. झाड एकच असेल तर फुलदाणीत आपट्याची एकच डहाळी ठेवावी, आणि मुलांनी परस्परांना देण्यासाठी प्रत्येकी एक पान घ्यावे. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाच्या फांद्या विकल्या जातात. दोहोंची पाने जोडपानासारखी दुभंगलेली असल्यामुळे फसगत होते. आपट्याचे पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीने अधिक. कांचनाचे पान मोठे व पातळ. दोन्ही पाने मुलांच्या हातांत देऊन हा फरक त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. झाड ओळखणारे मूल झाडावर उगाच हात टाकीत नाही, असा माझा अनुभव आहे.

काही वनस्पती मात्र शाळेत मुळीच आणू नयेत, आणि हे मुलांना आदल्या दिवशीच बजावून सांगावे. कण्हेर दिसावयास सुंदर. पण तिची पाने, फुले, साल सर्व विषारी आहे. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया तर प्राणघातक असतात, आणि मुले त्यांच्याशी खेळतात हे आपण पाहिलेले आहे. धोतरा आणि कळलावी ह्यांचीही गोष्ट तीच. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यांना इजा होते. आणखी एक वनस्पती फसवी आहे. पांढऱ्या बारीक फुलांच्या गाजरगवताचा झुपका फुलदाणीत भरावयास नाजूक दिसतो, म्हणून मुले हौसेने तो उपटून आणतात. पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम आढळलेले हे परके तण आज सर्वत्र पसरले आहे. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठते, आणि परागकणांनी श्वासाचा त्रास होतो. ज्याने असे काही आणले असेल त्याला रागावू नये. त्याच्या हातातले काढून घ्यावे, साबणाने हात धुवावयास लावावेत, आणि मग सर्व वर्गाला कारण सांगावे.

दुसरा प्रश्न, कसे तोडावे? फांदी ओढून कधी तोडू नये. सालपट निघते आणि ती जखम लवकर भरत नाही. धारदार चाकूने, पेराच्या किंचित वर छेद घ्यावा. शेतकऱ्याच्या मुलाला ‘डोळा’ म्हणजे काय हे माहीत असते. ऊस तो डोळा पाहूनच लावतात. त्याच डोळ्यातून झाडाला पुन्हा फूट येते, म्हणून डोळा झाडावर राखावा. चाकू शिक्षकांनी स्वतःजवळ ठेवावा किंवा मोठ्या मुलांकडून आपल्या देखत वापरवून घ्यावा. वेळ सकाळची असावी, कारण रात्रभरात झाडाने पाणी भरून घेतलेले असते. दुपारच्या उन्हात तोडलेली डहाळी हातातच कोमेजते. शाळा लांब असेल तर देठांना ओले फडके गुंडाळून आणावे.

तिसरा प्रश्न, तोडलेले ताजे कसे राहील? येथे आपण विज्ञानाच्या तासाला येऊन पोहोचतो. तोडलेली फांदी मेलेली नसते. तिची पाने पर्णरंध्रांवाटे वाफ बाहेर टाकीतच असतात, आणि त्या ओढीने देठातील जलवाहिन्यांतून पाणी वर चढत असते. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लंडमधील एका धर्मोपदेशकाने तोडलेल्या फांद्या पाण्यात ठेवून त्या किती पाणी ओढतात हे मोजले, आणि ते प्रयोग १७२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांतले काही प्रयोग आपल्या चौथीच्या वर्गात सहज होतील. डहाळी तोडताच खालचे पाणी सुटते, पण वरची ओढ चालू राहते. त्यामुळे छेदातून हवा आत शिरते आणि पाण्याची वाट अडते. म्हणून शाळेत आल्यावर घमेल्यात पाणी घेऊन, देठ पाण्याखाली धरून, बोटभर लांबीचा तुकडा पुन्हा कापून टाकावा. छेद तिरपा घ्यावा, म्हणजे देठ भांड्याच्या बुडाला चिकटून बसत नाही. देठ दगडाने ठेचू नये. ठेचलेल्या देठात जलवाहिन्या चेपतात आणि कुजही लवकर धरते. त्यानंतर सर्व डहाळ्या बादलीतील पाण्यात, सावलीच्या जागी, दोन-तीन तास उभ्या ठेवाव्यात. त्यांनी पोटभर पाणी प्याल्यावर मगच त्यांची मांडणी करावी.

भांड्याच्या पाण्यात जी पाने बुडतील ती सर्व काढून टाकावीत. पाण्यात पान कुजते, सूक्ष्म जंतू वाढतात आणि तेच देठाचे तोंड बंद करतात. झेंडूच्या पाण्याला दुसऱ्याच दिवशी दुर्गंधी का येते, ह्याचे कारण हेच. पाणी रोज बदलावे, भांडे आतून घासून घ्यावे, आणि देठाचे टोक जरासे पुन्हा कापावे. फुलदाणी उन्हात आणि वाऱ्याच्या झोतात ठेवू नये. आणखी एक गोष्ट पूजेच्या गडबडीत नेहमी घडते. प्रसादाची पिकलेली केळी आपण फुलांच्या शेजारी ठेवतो. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो; त्याने जशी शेजारची फळे पिकतात, तशी कित्येक फुलेही लवकर म्हातारी होतात. प्रसाद आणि फुलदाणी ह्यांत थोडे अंतर राखावे, म्हणजे दोहोंचा मान राहील.

जेथे पाण्याचीच टंचाई आहे तेथे हे सारे कसे साधावे, असा प्रश्न कोणी विचारील. फुलदाणीला लागते ते तांब्याभर पाणी, आणि बदललेले पाणी फेकावयाचे नसते. ते कोठे घालावयाचे, हे मी पुढे सांगणार आहे.

चौथा प्रश्न, मांडावे कसे? त्यासाठी विकतची फुलदाणी लागत नाही. पितळेचा तांब्या, लोटा, मडके, बांबूचे एक पेर, ह्यांतले काहीही चालेल. रघुराजाचे मातीच्या पात्रावाचून अडले नाही, आपलेही अडणार नाही. गोल बुडाचे मडके डगमगत असेल तर डोक्यावर घागरीखाली घेतो तशी चुंबळ त्याच्याखाली ठेवावी. डहाळ्या एका बाजूला कलंडू नयेत म्हणून भांड्याच्या तळाशी धुतलेले गोटे किंवा वाळू घालावी, अथवा तोंडात दोन काटक्या एकमेकींवर आडव्या बसवाव्यात.

आपण बहुधा जितके मावेल तितके कोंबतो. जपानी लोकांनी इकेबाना ह्या नावाने पुष्परचनेची एक स्वतंत्र कला जोपासली आहे. तिचा उगम बुद्धापुढे फुले वाहण्याच्या आचारात आहे. त्या कलेत आकाश, मनुष्य आणि पृथ्वी ह्यांच्या तीन रेषा मानतात, आणि दोन डहाळ्यांमधील मोकळ्या जागेलाही फुलाइतकेच महत्त्व देतात. आपण त्यांचे अनुकरण करावे असे नाही. पण मोकळी जागा ठेवण्याची समज घेण्यासारखी आहे. मी वर्गात असा साधा नियम सांगत असे : सर्वांत उंच डहाळी भांड्याच्या उंचीच्या सुमारे दीडपट असावी, दुसरी तिच्या दोन-तृतीयांश उंचीची आणि जराशी कललेली, तिसरी त्याहून आखूड, भांड्याच्या काठाशी. उदाहरणार्थ, मधोमध बाजरीचे एक कणीस व काशाचा एक तुरा, एका अंगाला कुरडूचे तीन तुरे, दुसऱ्या अंगाला आपट्याची एक डहाळी, आणि तोंडाशी लांब देठाची झेंडूची तीन फुले. मोजून नऊ देठ झाले. ह्यापेक्षा अधिक काही लागत नाही. आणि फुलदाणी साहेबांच्या टेबलाच्या उंचीवर न ठेवता पहिलीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावी. ज्यांच्यासाठी ती आहे, त्यांना ती मान वर न करता दिसली पाहिजे.

शिक्षक मित्रहो, येथपर्यंत कोणी म्हणेल की ही कलाकुसर झाली, अध्यापन कोठे आहे? तर त्या एका तांब्याभोवती किती विषय येऊन बसतात ते पाहा. देठ, डहाळी, कणीस, लोंबी, तुरा, कळी, पालवी हे शब्द वस्तू समोर ठेवून शिकवले की मूल ते विसरत नाही. उंचीचे दीडपट आणि दोन-तृतीयांश काढताना अपूर्णांक येतात. दोन सारख्या बाटल्यांत सारखे पाणी घेऊन एकीत पानांची आणि दुसरीत पाने काढलेली डहाळी ठेवावी, पाण्यावर तेलाचा एक थेंब पसरावा, आणि दर तासाला पाण्याच्या पातळीची खूण करावी. बाष्पोच्छ्वासाचा पाठ फळ्याविना पुरा होतो. तेरड्याचा पारदर्शक देठ लाल शाईच्या पाण्यात ठेवला तर लाल रेषा वर चढताना मुले स्वतः पाहतात. झेंडूचे एक फूल सोडवून दाखवावे. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो शेकडो लहान फुलांचा मेळा असतो. आणि आज दसऱ्याला ज्याच्यावाचून आपले चालत नाही, तो झेंडूही मूळचा मेक्सिकोकडचा पाहुणा आहे, हे कळले की भूगोलाच्या नकाशाला मुले आपण होऊन हात घालतात.

ह्या सर्वांहून महत्त्वाचा एक पाठ असतो, तो संयमाचा. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ ह्या पुस्तकात ‘मुकी फुले’ नावाचे प्रकरण आपण सर्वांनी वाचले आहे. फुलण्यापूर्वीच कळ्या तोडून आणणाऱ्या श्यामला त्याच्या आईने जे समजावले, ते समजावण्याचे काम आज आपल्याकडे आले आहे. त्यासाठी मी पुढील वर्षापासून एक रीत ठेवली. मूल जे काही आणील ते हातात घेण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारावयाचे : ह्याचे नाव काय? हे कोठे होते? तेथे आता किती उरले आहे? मुलांनी ह्याला ‘नाव, ठाव, उरले किती’ असे सुटसुटीत रूप दिले. पहिल्या वर्षी तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांनी मान खाली घातली. दुसऱ्या वर्षी एक मुलगा म्हणाला, “तीन फुले होती, म्हणून आणले नाही, पाहून आलो.” त्या मुलासाठी मी टाळ्या वाजवावयास लावल्या. पहिल्या दसऱ्याला चुकीच्या गोष्टीसाठी वाजलेल्या टाळ्यांची ती थोडीशी फेड होती.

आता बदललेल्या पाण्याविषयी सांगतो. आपट्याच्या वाळलेल्या शेंगा मिळवून, त्यांतील बिया रात्रभर पाण्यात भिजवून, शाळेच्या कुंडीत किंवा पिशवीत लावाव्यात. फुलदाणीचे रोजचे जुने पाणी त्या रोपाला घालावे. १९५० साली कन्हैयालाल मुनशी ह्यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून शाळाशाळांतून झाडे लावली जात आहेत. पण लावलेले झाड जगवण्याची जबाबदारी पुष्कळदा कोणाचीच नसते. फुलदाणी आणि रोप अशी जोडी लावून दिली की दोन्हींची काळजी एकच मूल घेते. आम्ही दोन रोपे वाढवली. त्यांतले एक शेळीने खाल्ले. दुसरे पावसाळ्यात मुलांनी म्हातारीच्या बांधावर नेऊन लावले. जुन्या झाडाचे वाळलेले अंग जेथे होते, त्याच बाजूला तिने जागा दाखवली.

शेवटी एक आठवण सांगून मी पुरे करतो. त्या गावातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जात असत. दसरा झाला की बैलगाड्या आणि ट्रक निघावयास लागत, आणि वर्गातील निम्मी मुले कारखान्यांच्या वाटेला लागत. एका दसऱ्याला तिसरीतली एक मुलगी कुरडूचे चार तुरे घेऊन आली. बाकी मुलांनी झेंडू आणला होता, शेवंती आणली होती. हिच्या हातात तण पाहून काही मुले हसली. मी तिला तेच तीन प्रश्न विचारले. ती म्हणाली, “कुरडू. आमच्या बाजरीत होता. लई उरलाय.” तिन्ही उत्तरे बरोबर होती. आम्ही तिचे तुरे बांबूच्या पेरात सर्वांत उंच लावले.

आठ दिवसांनी ती गेली. झेंडू सुकला, शेवंती सुकली, आपट्याची डहाळी आम्ही काढून टाकली. कुरडूचे तसे नसते. तो वाळला तरी त्याचा आकार मोडत नाही. पेरातले पाणी संपले तरी तुरे उभेच होते. साफसफाईच्या वेळी मुले ते टाकून देऊ लागली, तेव्हा दुसऱ्या एका मुलीने अडवले, “ती आल्यावर विचारील.” उन्हाळ्याच्या तोंडाशी गाड्या परतल्या. ती मुलगी वर्गात आली तेव्हा वाचनात मागे पडलेली होती, अंकांतही मागे पडलेली होती, आणि आपली जागा अजून आहे की नाही ह्या शंकेने दारातच उभी राहिली होती. तिचे लक्ष कोनाड्यातील बांबूच्या पेराकडे गेले. ती काही बोलली नाही. आत येऊन त्याच्याजवळच्या जागेवर बसली आणि तिने पाटी बाहेर काढली.

तिचे मागे पडलेले वाचन कुरडूच्या तुऱ्याने भरून निघाले नाही. त्यासाठी आम्हा दोघांना पुढे पुष्कळ कष्ट करावे लागले. पण ते कष्ट करण्यासाठी ती आत येऊन बसली, हे काही थोडे नव्हे.

म्हणून माझी आपणास नम्र विनंती आहे. ह्या दसऱ्याला आपल्या शाळेत ढीग करू नका. नऊ देठ पुरे आहेत. ते मुलांकडून ओळखून घ्या, जपून कापवून घ्या, स्वच्छ पाण्यात उभे करा, आणि कोणाचा देठ कोणता हे लक्षात ठेवा. मूल जे आणते ते आपण कसे हातात घेतो, ह्यावरून आपण त्याला कसे घेतो हे ते ओळखत असते.